एकाच छपराखाली दोन शाळा

मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकले, आणि ज्यांनी अशी इमारत बघितलीय त्यांना माहितीय की तिच्यात एक शाळा नसते, तीन-चार असतात. आमच्याकडे पहिल्या मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर उर्दू, तिसऱ्यावर अर्ध्यात हिंदी आणि अर्ध्यात गुजराती, त्यातल्या गुजरातीची पटसंख्या मी चौथीत जाईपर्यंत इतकी उतरली की ते वर्ग बंदच झाले. सकाळचं अधिवेशन, दुपारचं अधिवेशन, प्रत्येक माध्यमाच्या मुख्याध्यापिका वेगळ्या, हजेरीपट वेगळे, पण पटांगण एक आणि पाण्याचे नळ एक. त्यामुळे इथे व्हिएन्नात ऑफिसातली माझी बोस्नियाची मैत्रीण एकदा जेवताना म्हणाली की आमच्या देशात एका छपराखाली दोन शाळा असतात, तेव्हा मी पटकन बोलून गेले की त्यात काय एवढं, आमच्याकडे चार होत्या.

ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, त्या चार शाळांतली मुलं एकच भाषा बोलायची का?

नाही ना, म्हणूनच तर माध्यमं वेगळी.

आमच्याकडे एकच बोलतात, ती म्हणाली.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तिच्याकडून ऐकलं, जमेल तेवढं वाचलं, मागच्या उन्हाळ्यात घरच्यांना घेऊन तिकडे जाऊनही आले, आणि मराठीत याबद्दल कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

बोस्निया आणि हर्त्सेगोव्हिना, छोटा देश. २०१३च्या जनगणनेत ३५ लाख लोकसंख्या, म्हणजे २०११ साली आपल्या पुणे शहरात जेवढी माणसं मोजली त्याहून थोडीच जास्त. त्यात साधारण निम्मे बोस्नियाक म्हणजे मुसलमान, ३१ टक्क्यांच्या आसपास सर्ब म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, १५ टक्के क्रोएट म्हणजे कॅथलिक, आणि बाकीचे रोमा, ज्यू वगैरे, ज्यांना तिथल्या घटनेत सरळ 'इतर' असाच शब्द आहे. भाषेला नावं तीन आहेत, बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन, पण ही तिन्ही माणसं एका टेबलावर बसली तर दुभाषा लागत नाही. कॉफीला कुणी कावा म्हणतं, कुणी काफा, कुणी काहवा. पावाला कुणी क्रुह तर कुणी ह्लेब. मालवणी माणूस आणि वऱ्हाडी माणूस यांच्या मराठीत जेवढं अंतर आहे त्याच्या निम्मंही नाही असं मला तरी वाटतं. मैत्रिणीने मला सिगारेटचं पाकीट दाखवलं होतं, त्यावर 'धूम्रपानाने मृत्यू येतो' ही सूचना कायद्याने तीन भाषांत छापायची असते, आणि छापलीय पण तिन्हीत, पुशेन्ये उबिया, पुशेन्ये उबिया, पुशेन्ये उबिया. दोनदा रोमन लिपीत अक्षर न अक्षर सारखं आणि तिसऱ्यांदा तेच सिरिलिक लिपीत.

आता शाळा. १९९२ ते १९९५ युद्ध झालं, साधारण एक लाख माणसं मेली, आणि त्यातही १९९३-९४ मध्ये मध्य बोस्निया आणि हर्त्सेगोव्हिनात बोस्नियाक आणि क्रोएट हे आधी एका बाजूने लढणारे लोकच एकमेकांशी लढले. गावंच्या गावं रिकामी झाली. १९९५च्या डेटन कराराने युद्ध थांबलं आणि त्याच कराराच्या एका परिशिष्टात प्रत्येक विस्थापिताला आपल्या मूळ घरी परत जायचा हक्क दिला. लोक परत यायला लागले, पण परत आलेल्या घरातल्या मुलाने शाळेत कुठे जायचं? गावातली शाळा तोवर 'त्यांची' झालेली, पुस्तकं त्यांची, इतिहास त्यांचा, भिंतीवरची चिन्हंसुद्धा त्यांची. काही मुलं बसने लांबच्या गावात जायची, काहींचे वर्ग कुणाच्या तरी घरात भरायचे. तेव्हा आंतरराष्ट्रीय संस्थांनी दडपण आणून एवढं तरी करून घेतलं की आलेल्या मुलांना शाळेच्या इमारतीत जागा द्या. आधी आत तर येऊ देत, मग हळूहळू एकत्र करू, असा विचार होता. तात्पुरती सोय. ही 'द्विये श्कोले पोद येदनिम क्रोवोम' म्हणजे एका छपराखाली दोन शाळा.

ती तात्पुरती सोय अजून आहे. युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना, जिला ओएससीई म्हणतात, तिने २०१८ साली मोजलं तर तीन कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या प्रांतांत, मिळून २८ ठिकाणी अशा ५६ शाळा होत्या.

माझी मैत्रीण अशाच एका शाळेत शिकली. गावाचं नाव लिहीत नाही, मध्य बोस्नियात आहे. तिचे आईवडील युद्धानंतर परत आले तेव्हा ती लहान होती. इमारत दुमजली, पुढच्या दाराने क्रोएट मुलं, मागच्या दाराने बोस्नियाक मुलं, त्यांच्यात ही. दोन मुख्याध्यापक, दोन स्टाफरूम, दोन सेवक. पुस्तकं वेगळी, गणिताचीसुद्धा वेगळी. मधली सुट्टी दहा मिनिटांच्या फरकाने व्हायची, मुलांची मारामारी होऊ नये म्हणून असं सांगितलं जायचं, आणि ती म्हणाली की आम्हाला आधी मारामारी करायचं डोक्यात पण नव्हतं, पण रोज तेच सांगितल्यावर पोरांना वाटायला लागलं की पलीकडचे मारणारे आहेत. खिडकीतून ती दुसऱ्या मुलींना दोरीवरच्या उड्या मारताना बघायची. त्यातली एक मुलगी तिच्या घराच्या मागच्या गल्लीत राहायची. आठ वर्षं एका इमारतीत शिकून तिला त्या मुलीचं नाव माहीत नव्हतं, पुढे इथे व्हिएन्नात एका बोस्नियन दुकानात दोघी समोरासमोर आल्या तेव्हा कळलं, आणि दुकानात उभ्या उभ्या दोघी रडल्या म्हणे.

हे ऐकताना मी डोळ्यासमोर आमचीच इमारत बघत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या उर्दू शाळेतल्या एकाही मुलीचं नाव मला माहीत नाही. सात वर्षं. नळावर एकमेकींना पाणी पिऊ द्यायचो तेवढंच. आमच्याकडे भाषा खरोखर वेगळी होती, स्वतःच्या भाषेत शिकायला मिळणं हा हक्क आहे आणि मी तो मनापासून मानते, मराठी शाळा बंद पडताना बघून मला आतून तुटतं. पण भाषा शिकायला वेगळा वर्ग लागतो हे ठीक, कवायत करायला, चित्र काढायला, क्रिकेट खेळायला वेगळं का लागलं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. असो, तो वेगळा लेख होईल.

तर पहिला प्रश्न मला हा पडला की हे चालतं कसं, कायदा काय करतो? आणि तिथेच खरी गंमत, म्हणजे दुःखाची गोष्ट आहे, की कागदावर या देशात मानवी हक्क इतके भक्कम आहेत की बघत राहावं. डेटन करारातूनच आलेली त्यांची घटना म्हणते की युरोपियन मानवी हक्क करार या देशात थेट लागू आहे आणि तो बाकी सगळ्या कायद्यांच्या वर आहे. घटनेत हक्कांची यादी आहे त्यात शिक्षणाचा हक्क आहे. २००३ साली शिक्षणाचा एक चौकट कायदा पण झाला, की शिक्षणात भेदभाव चालणार नाही. पण शिक्षण चालवतं कोण? देशाला शिक्षणमंत्रीच नाही! देशाचे दोन भाग, सर्ब प्रजासत्ताक आणि बोस्नियाक-क्रोएटांचं फेडरेशन, फेडरेशनमध्ये दहा कँटन, प्रत्येक कँटनचं स्वतःचं शिक्षणमंत्रालय, त्यावर फेडरेशनचं एक मंत्रालय, सर्ब प्रजासत्ताकाचं एक, आणि बर्च्को म्हणून एक स्वतंत्र जिल्हा आहे त्याचा विभाग आणखी वेगळा. ३५ लाख लोकांसाठी. प्रत्येक ठिकाणी पक्ष आपापल्या जमातीचे, आणि दोन शाळा म्हणजे दोन मुख्याध्यापक, दुप्पट शिक्षक, दुप्पट कारकून, या सगळ्या नोकऱ्या कुणाच्या हातात असतात ते आपल्याला महाराष्ट्रात कुणी समजावून सांगायची गरज नाही. मैत्रिणीचं स्पष्ट मत आहे की धर्म-बिर्म दुसरा नंबर, पहिला नंबर या नोकऱ्यांचा. मला तिचं पूर्ण पटत नाही, भीती पण खरी असते, पण तिने ते जवळून बघितलंय.

'वाशा प्रावा' म्हणजे 'तुमचे हक्क' नावाची तिथली एक संघटना आहे, गरिबांना मोफत कायद्याची मदत करते. ती कोर्टात गेली. मोस्तारच्या कोर्टाने एप्रिल २०१२ मध्ये निकाल दिला की स्तोलात्स आणि चाप्लिना इथल्या शाळांत मुलांना जमातीवरून वेगळं काढणं हा भेदभाव आहे, नवीन शालेय वर्षापासून बंद करा. अपील झालं, वरचं कोर्ट, मग आणखी वरचं, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये फेडरेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हो, भेदभावच आहे. म्हणजे केस जिंकली. आणि पुढच्या सप्टेंबरात शाळा उघडल्या तेव्हा मुलं परत आपापल्या दाराने आत गेली. पुढची कितीतरी वर्षं तसंच. निकालाचा कागद हातात असून मुलाला एका वर्गात बसता येत नाही, याला काय म्हणायचं?

आम्ही राजधानी सारायेवोहून मोस्तारला रेल्वेने गेलो, नेरेत्वा नदीच्या काठाकाठाने, ती हिरवी नदी मी जन्मात विसरणार नाही. मोस्तारचा जुना पूल सगळ्यांनी फोटोत बघितला असेल, १५६६चा, नोव्हेंबर १९९३ मध्ये तोफांनी पाडला आणि २००४च्या जुलैमध्ये परत बांधून उघडला, आता त्यावर पर्यटकांना चालायला जागा नसते. पण मला बघायची होती ती जिम्नाझिया, म्हणजे हायस्कूल. पुलापासून चालत जाता येतं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळातली, कमानी-बिमानी असलेली नारिंगी-पिवळी भव्य इमारत, आणि ती अगदी युद्धाच्या आघाडीच्या रेषेवर, त्यामुळे पार चाळण झाली होती. तिच्या समोरच्या चौकाचं नाव स्पॅनिश चौक, तिथे मारल्या गेलेल्या स्पॅनिश शांतिसैनिकांच्या आठवणीत. २००४ साली इथल्या दोन शाळा कारभारापुरत्या एक केल्या, एक मुख्याध्यापक, एक विद्यार्थी परिषद, कॉम्प्युटरचा वर्ग एकत्र. बाकी अभ्यासक्रम दोन आणि तुकड्या दोन. आणि एक आपल्या जवळची गोष्ट म्हणजे, पुण्याजवळ मुळशीला यूडब्ल्यूसी महिंद्र कॉलेज आहे ना, त्याच परिवारातलं एक कॉलेज २००६ साली याच इमारतीत सुरू झालं, जगभरातली आणि बोस्नियातल्या तिन्ही जमातींची मुलं एका वर्गात. मला हे फार लागलं. म्हणजे छप्पर एकच, त्याखाली बाहेरच्या देशांतून आलेल्या मुलांच्या बाकावर बोस्नियाक आणि क्रोएट मुलगा शेजारी शेजारी बसू शकतात, कारण तिथला अभ्यासक्रम परक्यांचा, आणि त्याच इमारतीत स्वतःच्या देशाचा अभ्यासक्रम शिकायचा झाला की वेगळ्या खोलीत.

इतिहास तर विचारू नका. नव्वदच्या दशकातल्या युद्धाबद्दल एकाच देशातल्या मुलांना तीन गोष्टी शिकवल्या जातात, एकाचा वीर तो दुसऱ्याचा खुनी. २०१६ साली सर्ब प्रजासत्ताकातल्या पाले गावात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला रादोवान काराजिच याचं नाव दिलं, म्हणजे युद्धातल्या बोस्नियन सर्बांच्या ज्या नेत्याला काही दिवसांतच हेगच्या न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी दोषी ठरवलं त्याचं, त्याची पाटी २०२०च्या डिसेंबरात उतरवली. आणि बोस्नियाकांच्या सारायेवोकडे सगळं चांगलं असंही नाही, तिकडे एका शाळेला दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांचं कौतुक करणाऱ्या लेखकाचं नाव दिलं गेलं. देशाच्या राष्ट्रगीताला १९९९पासून फक्त धून आहे, शब्दच नाहीत, कारण शब्दांवर एकमत होत नाही. शाळेत प्रार्थनेला उभं राहून आपण जन गण मन म्हणतो, न कळत्या वयात चुकीचे शब्द म्हणतो, तरी ते सगळ्यांचे शब्द असतात. तिथल्या मुलांना एकत्र गायला काही दिलेलंच नाही.

आणि आता ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ती यायत्सेची पोरं.

यायत्से हे मध्य बोस्नियातलं डोंगरावरचं गाव, वर किल्ला, खाली प्लिवा नदी गावाच्या मधोमध धबधब्याने व्रबास नदीत पडते. तिथे उभं राहिलं की अंगावर तुषार येतात आणि बोललेलं ऐकू येत नाही. याच गावात २९ नोव्हेंबर १९४३ला सगळ्या जमातींच्या प्रतिनिधींनी बसून नव्या युगोस्लाव्हियाचा पाया घातला, ती सभागृहाची इमारत आता म्युझियम आहे. या गावात हायस्कूलमध्ये बोस्नियाक आणि क्रोएट मुलं एकत्र शिकत होती. पण अभ्यासक्रम क्रोएट होता, आणि २०१६ साली मध्य बोस्निया कँटनच्या राजकारण्यांनी ठरवलं की बोस्नियाक मुलांसाठी वेगळं हायस्कूल काढायचं. ऐकायला कसं छान वाटतं, नवीन शाळा, तुमच्या भाषेची, तुमच्या इतिहासाची. कुणाला वाटेल की बोस्नियाक मुलं खूष होतील.

मुलं रस्त्यावर आली. दोन्हीकडची, एकत्र. पंधरा-सोळा-सतरा वर्षांची पोरं, ज्यांच्या जन्माआधी युद्ध संपलेलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची प्राथमिक शाळा वेगवेगळी होती, हायस्कूलमध्ये येऊन पहिल्यांदा ती एका बाकावर बसली होती आणि आता कुठे ओळखी झाल्या, मैत्र्या झाल्या तर परत वेगळं व्हा म्हणतात. मैत्रिणीचा मावसभाऊ तेव्हा त्याच भागात शिकायचा, तो सांगायचा की घरी वाद झाले, वडीलधारे म्हणायचे तुम्हाला काय कळतंय, आम्ही काय भोगलं ते तुम्ही बघितलेलं नाही. आणि हे चूक पण नाही, त्यांनी खरंच भोगलेलं आहे. तरी पोरं मागे हटली नाहीत. जून २०१७ मध्ये कँटनची राजधानी त्रावनिकला जाऊन निदर्शनं केली. त्याच त्रावनिकमध्ये एका शाळेच्या आवारात दोन बाजूंच्या मुलांच्या मध्ये जाळीचं कुंपण होतं, आणि याच कँटनच्या शिक्षणमंत्री बाई २००७ साली जाहीरपणे म्हणाल्या होत्या की सफरचंदं आणि नासपती एकत्र करता येत नाहीत. शेवटी कँटन सरकारला वेगळ्या शाळेचा निर्णय सोडून द्यावा लागला. कोर्टाचे दोन-तीन निकाल जे करू शकले नाहीत ते पोरांनी करून दाखवलं, निदान त्यांच्या एका गावात. २०१८ साली त्यांना माक्स व्हान डेर स्टूल पुरस्कार मिळाला, अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांना देतात तो, पन्नास हजार युरोचा.

मी धबधब्याजवळ उभी असताना शाळेला सुट्टी होती त्यामुळे त्या हायस्कुलातली मुलं काही मला भेटली नाहीत. एका दुकानदार काकांना विचारलं तर त्यांनी नुसतं बोट वर करून शाळा कुठे ते दाखवलं आणि म्हणाले, आमची मुलं हुशार निघाली, पण आता सगळी जर्मनीला गेली. यापुढे ते काही बोलले नाहीत आणि मला पण विचारवलं नाही.

गेली हे खरं आहे, देश रिकामा होतोय. आणि शिकून काय मिळतंय ते पण बघा. बोस्नियाने २०१८ साली पहिल्यांदा पिसा परीक्षेत भाग घेतला, पंधरा वर्षांच्या मुलांची जागतिक चाचणी असते ती. वाचनात ४०३ गुण, गणितात ४०६, विज्ञानात ३९८, आणि श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी तिन्हीत ४८७-४८९च्या घरात. एवढ्याशा देशात एवढी मंत्रालयं, प्रत्येक गोष्ट दोनदा, आणि मुलांच्या हातात हे. क्रोएट काय, बोस्नियाक काय, सर्ब काय, वाचता येत नसेल तर तिघांनाही येत नाही.

आता जी बाजू मला सगळ्यात अवघड वाटते तिच्याबद्दल. सर्ब प्रजासत्ताकात, जिथे युद्धात बोस्नियाकांचा वंशसंहार झाला त्या स्रेब्रेनित्सापासून फार लांब नसलेल्या कोन्येविच पोल्ये गावात, परत आलेल्या बोस्नियाक कुटुंबांची मुलं सर्ब अभ्यासक्रमाच्या शाळेत जातात. तिथे कुंपण नाही, दोन दारं नाहीत. पण इतिहास शिकवताना ज्यांचे आजोबा मामा काका मारले गेले त्या मुलांना मारणाऱ्यांच्या बाजूची गोष्ट शिकावी लागते, आणि त्यांच्या भाषेला 'बोस्नियन' म्हणायला पण तिथलं सरकार तयार नाही, प्रगतिपुस्तकावर 'बोस्नियाक लोकांची भाषा' असं लिहायचं म्हणतात. २०१३च्या सप्टेंबरात पालकांनी मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. सारायेवोत डेटन करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्चायुक्तांच्या कचेरीबाहेर बायामाणसं मुलांना घेऊन तंबूत बसली, थंडीत. शेवटी त्यांच्या मुलांसाठी नोव्हा कासाबा गावात वेगळे वर्ग सुरू झाले.

मग इथे काय म्हणायचं? यायत्सेच्या मुलांनी वेगळी शाळा नको म्हटलं ते बरोबर, आणि कोन्येविच पोल्येच्या आयांनी वेगळे वर्ग मागितले ते चूक? मला नाही तसं वाटत. मी त्या आयांच्या जागी असते तर मी पण मुलाला पाठवलं नसतं. एकत्र बसवणं म्हणजे एकाने दुसऱ्याचं सगळं गिळायचं असं असेल तर ती एकत्र शाळा पण भिंतच आहे. क्रोएट लोक पण हेच म्हणतात, आम्ही १५ टक्के, एकत्र केलं तर आमची भाषा आमची पुस्तकं राहणार नाहीत. आणि ही भीती हसण्यावारी न्यायची नाही, बेळगावच्या मराठी शाळांबद्दल आपण किती पोटतिडकीने बोलतो ते आठवून बघा.

पण मग बर्च्को आहे ना! उत्तरेचा छोटा जिल्हा, लवादाने कुणालाच न देता वेगळा ठेवला. तिथे २००० साली ऑक्टोबरमध्ये मुलंच एकत्र शाळेच्या विरोधात रस्त्यावर उतरली होती, आधी सर्ब मुलं, मग बोस्नियाक. तरी २००१ साली आंतरराष्ट्रीय पर्यवेक्षकाने कायदा लादला, हो लादलाच, आणि तेव्हापासून तिन्ही जमातींची मुलं एका वर्गात बसतात, दोन्ही लिप्या शिकतात, मुलाने आपल्या बोलीत उत्तर दिलं तर शिक्षकाने ते चूक धरायचं नाही. शिक्षक पण तिन्हींचे. युद्धाबद्दल तिथे पण फार बोलत नाहीत, जखम झाकून ठेवलीय म्हणा, पण मुलं एका बाकावर झाकलेल्या जखमेसकट बसतात. म्हणजे माणसं तीच, युद्ध तेच, देश तोच, आणि तरी जमलं. जे बर्च्कोत जमलं ते दीडेकशे किलोमीटरवर जमत नाही यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि या सगळ्या मारामारीत रोमा मुलं कुठेच नाहीत. त्यांची भाषा कुठल्या दाराने आत जाते? कुठल्याच नाही. मोस्तारहून परत येताना सिग्नलला एक सात-आठ वर्षांची मुलगी गाडीची काच पुसायला आली होती, मंगळवार होता, सकाळचे अकरा, आणि सुट्ट्या संपायला वेळ होता हे माहीत असूनही मला वाटत राहिलं की ही सुट्ट्या संपल्यावर पण इथेच असेल. एका रोमा आणि एका ज्यू माणसाने युरोपियन मानवी हक्क न्यायालयात केस केली होती, की आम्ही 'इतर' म्हणून आम्हाला राष्ट्राध्यक्षपदाला उभंच राहता येत नाही, डिसेंबर २००९ मध्ये ते जिंकले. घटना अजून बदललेली नाही.

मिश्र लग्नातल्या मुलांचं पण तसंच, आई क्रोएट बाप बोस्नियाक, सहा वर्षांच्या पोराने ठरवायचं का की आजपासून मी पुढच्या दाराचा की मागच्या दाराचा.

माझ्या मैत्रिणीचा मुलगा आता आठ वर्षांचा आहे. इथे व्हिएन्नात शाळेत मातृभाषेचे तास असतात, ऐच्छिक आणि फुकट, आणि तिच्या भाषेच्या विषयाचं नाव काय आहे माहितीय? बे-का-एस. बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन, तिन्हींची पहिली अक्षरं. एक तास, एक शिक्षिका, तिन्हीकडची मुलं. ज्या मुलांचे आईबाप गावाकडे वेगवेगळ्या दारांनी आत गेले ती मुलं इथे परक्या देशात एका बाकावर तीच भाषा शिकतात. ती पहिल्यांदा त्याला न्यायला गेली तेव्हा वर्गाच्या बाहेर दोन क्रोएट आया आणि एक सर्ब बाबा उभे होते, सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून, कोण आधी बोलणार म्हणून. मुलं बाहेर येऊन सरळ एकमेकांच्या अंगावर पडली तेव्हा बोलावंच लागलं.

मागच्या महिन्यात बाईंनी मुलांना घरी पावाला काय म्हणतात ते फळ्यावर लिहायला सांगितलं. हा घरी आला, रोजच्यासारखा संध्याकाळी आजीशी व्हिडिओ कॉल झाला, आजी तिकडे मध्य बोस्नियात, त्याच जुन्या गावात. आजीने विचारलं जेवलास का, तर हा म्हणाला, हो, सूप आणि क्रुह. आजी एकदम गप्प. त्या घरात तीस वर्षांत तो क्रोएटांचा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मैत्रीण म्हणाली मी श्वास रोखून उभी होते मागे. आजीने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली, आमच्या शेजारची मारा असंच म्हणायची, ती फार छान क्रुह करायची. आणि मग तिने त्याला माराच्या पावाची कृती सांगायला सुरुवात केली, बटाटा घालायची म्हणे ती त्यात, उकडून.